पट्टी द्या, कमिशन घ्या

दुसऱ्याच्या घरातल्या नको झालेल्या वस्तूंचे फोटो काढायचे, ते मोबाइलवर टाकायचे, गिऱ्हाईक आणायचं आणि आलेल्या पैशातले पंधरा-वीस टक्के आपल्याकडे ठेवायचे. हे काम करणारी माणसं आता छत्रपती संभाजीनगरात भेटू लागली आहेत. कोणी गारखेड्यातल्या दोन खोल्यांतून करतं, कोणी वाळूजच्या कंपनीतली पाळी संपल्यावर करतं, कोणी मुलं शाळेत गेल्यावर दुपारी करतं. आणि ज्या सोसायट्यांमधलं सामान ही माणसं विकून देतात, त्याच सोसायट्यांमध्ये त्यांना नावं ठेवली जातात. फुकटे, दलाल, लोकांच्या अडचणीवर पोसलेले. ‘ओएलएक्सवर जाहिरात फुकट टाकता येते, मग यांना पैसे कशाचे द्यायचे?’ हा प्रश्न मी लग्नाच्या पंगतीत ऐकला, बँकेच्या रांगेत ऐकला, आणि परवा एका निवृत्त प्राध्यापकांनी तो मला तावातावानं विचारला. रस्त्यात उभ्या उभ्या देण्यासारखं ते उत्तर नव्हतं, म्हणून इथे देतो.

जाहिरात फुकट असते. विक्री फुकट नसते. ओएलएक्स 2006 साली सुरू झालं, क्विकर 2008 साली, आणि ‘बेच दे’ म्हणणाऱ्या जाहिरातींनी आपल्या मनात असं बसवलं की विकणं म्हणजे एक बटण दाबणं. बटण दाबल्यानंतर काय होतं ते जाहिरातीत दाखवत नाहीत. दिवसभर ‘आहे का?’ असे निरोप येतात. उत्तर दिलं की ‘लास्ट प्राइस बोला’. किंमत सांगितली की माणूस गप्प. रविवारी येतो म्हणणारा येत नाही, न सांगता मंगळवारी रात्री साडेनऊला येतो. आल्यावर कपाटाच्या दारावर बोट फिरवून गंज दाखवतो, निम्म्या किमतीला मागतो, आणि नाही म्हटलं तर तुम्हीच त्याचा वेळ वाया घालवल्यासारखा चेहरा करून जातो. बाईचा नंबर जाहिरातीत असेल तर रात्री-अपरात्री जे फोन येतात त्यांचा कपाटाशी संबंध नसतो. शेवटी सौदा झालाच तर ‘छोटा हत्ती’ टेम्पो कोणी सांगायचा, तिसऱ्या मजल्यावरून उतरवायचं कोणी, हमालीचे कोण देणार, यावर आणखी अर्धा तास. हे सगळं काम आहे. ते घरमालक करतो तेव्हा त्याला कोणी मोजत नाही, म्हणून ते नाही असं आपण धरून चालतो.

ॲप कंपनी या कामातलं काहीच करत नाही, आणि कायद्यानं ती बांधलेलीही नाही. ती फक्त मध्यस्थ माध्यम. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याच्या कलम 79 चं कवच तिला आहे. तिनं भिंत दिली, त्या भिंतीवर काय चिकटलं आणि कोणी कोणाला फसवलं, ते ज्याचं त्यानं पाहावं. 2023 च्या ऑगस्टमध्ये ओएलएक्सचा भारतातला जाहिरातींचा आणि जुन्या गाड्यांचा व्यवसाय कारट्रेड कंपनीनं सुमारे 537 कोटी रुपयांना घेतला. त्या किमतीत लाखो घरमालकांचे फोटो, फोन आणि वाया गेलेले रविवार धरलेले आहेत. त्याबद्दल कोणी दलाली हा शब्द काढत नाही. गारखेड्यातल्या बाईनं एका कपाटामागे बाराशे रुपये घेतले की मात्र तो शब्द जिभेवर येतो. हा न्याय मला कळत नाही.

फसवणुकीचंच घ्या. 2021 च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीनं जुना सोफा विकायला काढला. गिऱ्हाईक म्हणवणाऱ्यानं क्यूआर कोड पाठवला, ‘स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणाला, आणि तिच्या खात्यातून 34 हजार रुपये गेले. मुख्यमंत्र्यांच्या घरात हे होऊ शकतं, तर सिडकोत एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचं काय होईल? ‘मी लष्करात आहे, बदली झाली आहे, माझा माणूस ट्रक घेऊन येईल, आधी पैसे घेऊन ठेवा’ ही भामट्यांची ठरलेली भाषा आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, हे एवढंच ज्याला पक्कं ठाऊक आहे आणि जो रोज असे दहा फोन उचलतो, तो माणूस विक्रेता आणि भामटा यांच्यामध्ये उभा असतो. त्याच्या कमिशनमध्ये ही राखणसुद्धा आहे. फसवणूक झालीच तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो, हेही तोच सांगतो, कारण घरातल्या माणसाला तेव्हा घाम फुटलेला असतो आणि काही सुचत नसतं.

माझ्या मावशीचं सिडकोतलं रो-हाउस रिकामं करायचं होतं. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात, दोघांच्याही रजा संपत आलेल्या. गारखेड्याहून एक ताई आल्या. त्यांनी वही काढली, प्रत्येक खोलीतून फिरल्या, लाकडावर नख मारून पाहिलं, शिलाई मशीनचं चाक फिरवून पाहिलं, फ्रिजच्या मागचा नंबर टिपून घेतला. कूलरपाशी आल्यावर म्हणाल्या, “काकू, हा आत्ता नका विकू. दिवाळीत याला कोणी हात लावणार नाही. होळीपर्यंत माझ्याकडे राहू द्या, दुप्पट पैसे येतील.” पाण्याचे निळे ड्रम आणि गच्चीवरची जुनी टाकी मावशी फेकायला निघाली होती. ताईंनी तेच आधी बाजूला काढले. नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या या शहरात साठवणीच्या भांड्याला बारा महिने गिऱ्हाईक असतं, आणि वॉशिंग मशीनमध्येही सेमी-ऑटोमॅटिक आधी उचललं जातं, कारण त्याला बादलीनं पाणी घालता येतं. लोखंडी कॉट आणि टेबल त्यांनी जूनसाठी ठेवले, विद्यार्थी खोल्या घेतात तेव्हा. मोडकी मिक्सरची भांडी, तारा तुटलेला पंखा, जुने डबे त्यांनी सरळ परत केले: “याचं माझ्याकडून काही होणार नाही. भंगारवाल्या भाऊंना बोलवा, नाराज नका करू त्यांना.”

हे ज्ञान आहे. कोणत्या वस्तूला कोणत्या महिन्यात, कोणत्या वस्तीत, कोण विचारतं हे ॲपवर लिहिलेलं नसतं. ज्या शहरात 2011 च्या जनगणनेतच पावणेबारा लाख माणसं होती आणि त्यानंतर ते सगळ्या दिशांनी वाढलं, तिथे चिकलठाण्याच्या एका घरात नको असलेली कॉट आणि विद्यापीठाच्या मागच्या खोलीत हवी असलेली कॉट यांची गाठ आपोआप पडत नाही. कोणीतरी ती पाडावी लागते, आणि पाडणाऱ्याचंही पोट असतं.

आता टक्क्यांबद्दल. ‘फ्लॅटचा एजंट एक-दोन टक्के घेतो, आणि हे वीस?’ असं विचारणाऱ्यांनी टक्के कशाचे हे पाहिलेलं नसतं. पन्नास लाखांच्या फ्लॅटचा एक टक्का म्हणजे पन्नास हजार रुपये. सहा हजारांच्या कपाटाचे वीस टक्के म्हणजे बाराशे. कपाटासाठीही दोनदा जाणं, फोटो, पंचवीस फोन, तीन गिऱ्हाइकांना दाखवणं आणि टेम्पो भरेपर्यंत उभं राहणं आहेच. दोन हजारांच्या वस्तूचे चारशे येतात आणि कष्ट तेवढेच पडतात. अमेरिकेत या शतकाच्या सुरुवातीला लोकांचं सामान दुकानात जमा करून ईबेवर विकून देणारी दुकानं गल्लोगल्ली निघाली, आणि काही वर्षांतच त्यातली बहुतेक बंदही पडली. छोट्या वस्तूचे फोटो काढणं, लिहिणं, बांधून पाठवणं याचा खर्च कमिशनपेक्षा जास्त होऊ लागला, हे त्याचं एक मोठं कारण. वीस टक्के ही लूट असती तर ती दुकानं बुडाली नसती. आपल्याकडेही ज्यानं सगळंच विकून देतो म्हणून हात घातला, त्याचं तेच होईल. म्हणून ताईंनी मिक्सरची भांडी परत केली.

यानंतर येतो तो खरा आक्षेप, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. भंगारवाल्याच्या पोटाचं काय? गल्लीत हातगाडी घेऊन फिरणारा, रद्दी-लोखंड-प्लास्टिक ओरडणारा माणूस उन्हात वणवण करतो, आणि त्याच्या हाती अधूनमधून एखादी चांगली वस्तू लागते, तेव्हा त्याचा महिना निघतो. ती वस्तूच आता मोबाइलवाली बाई आधी उचलणार. बोहारणीचंही तसंच. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन जुन्या साड्यांवर स्टीलचा डबा देणारी बाई घासाघीस करून कपडा उचलते, तो चिंधी बाजारात जातो, कोणाच्या तरी अंगावर चढतो. या साखळीवर हजारो घरं चालतात. ती तुटू नये असं मलाही वाटतं.

पण या आक्षेपाचा धागा नीट ओढून पाहा. भंगारवाला वजनानं घेतो. त्याच्या काट्यावर सागवानी फडताळ म्हणजे सरपण, गोदरेजचं कपाट म्हणजे पत्रा, तांब्याचा बंब म्हणजे मोड. बंब ज्याला बंब म्हणून हवा आहे, तो त्याच्या मोडीच्या भावाच्या कितीतरी पट देतो, पण हातगाडी त्याच्यापर्यंत पोचत नाही. मधला फरक भंगारवाल्यालाही मिळत नाही. तो मिळतो पुढच्या गोदामवाल्याला, किंवा कोणालाच मिळत नाही, कारण बंब वितळवला जातो. म्हणजे आपण ज्याच्या नावानं गहिवरतो, त्याच्या हाती आपण फारसं काही देतच नव्हतो. आपल्या अज्ञानातून त्याला क्वचित एखादी चांगली वस्तू सुटत होती, एवढंच. त्याची खरी कमाई रद्दी, पत्रा, प्लास्टिक, काच यांतून होते आणि ती कमिशनवाल्यांना नकोच आहे. जाफरगेटच्या रविवारच्या बाजारात जुनं सामान मांडून बसणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या खिशात मोबाइल असतो, आणि वस्तू पारखण्याची नजर तर त्यांच्याइतकी कोणाची नाही. कमिशनवर विकून देण्याचं काम त्यांनी करायला घेतलं तर गारखेड्यातल्या ताईंना ते सहज मागे टाकतील. त्यांना हे काम शिकवायला कोणी पुढे येत असेल तर मी त्याच्यासोबत दारोदार हिंडायला तयार आहे. त्यांची दया येते म्हणून दुसऱ्यानं हे काम करू नये, या म्हणण्यात मात्र त्यांचं काहीच भलं नाही.

आणि या शहराला तरी नको असलेल्या वस्तूंबद्दल बेफिकीर राहता येणार नाही. 2018 च्या फेब्रुवारीत नारेगावच्या आणि आसपासच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं शहराची घाण त्यांच्या शेताशी आणि विहिरींशी टाकली जात होती, ती आता चालणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. शहरात आठवड्यांवर आठवडे ढीग साचले. मार्चमध्ये पर्यायी जागा शोधत गाड्या मिटमिट्याला गेल्या तेव्हा दगडफेक आणि लाठीमार झाला. उच्च न्यायालयाच्या इथल्याच खंडपीठापर्यंत तो वाद गेला. आपण घराबाहेर काढलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती कोणाच्या तरी दाराशी जाऊन पडते, हे ज्या शहरानं नाकाला रुमाल लावून अनुभवलं, तिथे एक सोफा कचऱ्यात न जाता दुसऱ्या घरात नेऊन ठेवणाऱ्या माणसाला आपण फुकटा म्हणतो, याचं मला वाईट वाटतं.

‘विकता कशाला, दान करा’ असंही सांगितलं जातं. करा की. पण वापरता येण्याजोगी वस्तू ज्याला हवी आहे त्याच्या हाती देणं म्हणजे दान. भोकं पडलेली गादी आणि बिघडलेला टीव्ही अनाथाश्रमाच्या फाटकात सोडून येणं म्हणजे आपली हमाली त्यांच्या माथी मारणं. ज्याला द्यायचं आहे त्यानं वस्तू विकून आलेले पैसे द्यावेत. संस्थेला काय हवं ते संस्था विकत घेईल.

याहून खोल आहे ती लाज. मराठवाड्यात घरातली भांडी विकणं ही साधी गोष्ट नाही. बहात्तरच्या दुष्काळात पाणी नव्हतं, ज्वारी नव्हती, माणसं खडी फोडायच्या कामावर गेली, सुकडी आणि मिलोवर दिवस काढले, आणि कितीतरी घरांतली पितळी घागर-घंगाळं त्या दोन वर्षांत मोडीत गेली. ज्यांनी ते पाहिलं ती माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत, आणि नेमकी त्यांचीच घरं आता रिकामी होत आहेत. त्यांच्या लेखी तांब्याचा बंब दाराबाहेर जाणं म्हणजे घरावर वेळ आली असं गावाला सांगणं. मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो, ‘आई, टाकून दे ऑनलाइन,’ आणि आईचा जीव घुसमटतो. शेजारी बघतील, भावकी विचारेल, ‘का गं, काय कमी पडलं?’ अशा घरात त्रयस्थ माणूस येतो, त्याच्या नंबरावर जाहिरात जाते, त्याच्या ओट्यावर वस्तू दाखवली जाते, आणि घराचं नाव कुठे येत नाही, तेव्हा तो जे देतो त्याची किंमत टक्क्यांत बसत नाही. म्हाताऱ्या माणसाची अब्रू तो झाकतो. मला या कामाबद्दल जो आदर वाटतो तो सगळ्यांत जास्त इथे वाटतो. फुकटे म्हणणाऱ्यांना हे दिसत नसेल, तर त्यांनी कधी आईचं घर आवरलेलं नाही असं मी समजेन.

अशा घरांत आणखीही एक गोष्ट असते. माळ्यावरच्या पेटीत पोथ्या निघतात, मोडी लिपीतले कागद निघतात, निजामाच्या अमलातली नाणी निघतात, कधी बिदरी काम केलेलं पानदान निघतं. इथे कमिशनवाल्यानं हात आवरायला हवा. 1972 च्या पुरावशेष कायद्यानं किमान शंभर वर्षं जुनी नाणी, मूर्ती, चित्रं, कारागिरीच्या वस्तू, आणि पंचाहत्तर वर्षं जुनी महत्त्वाची हस्तलिखितं यांना वेगळं ठरवलं आहे. त्यांचा धंदा करायला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पुण्याच्या दिनकर केळकरांनी वाडे धुंडाळून अडकित्ते, दिवे, दौती जमवल्या म्हणून त्या आज संग्रहालयात आहेत. तेव्हा मोबाइल असता तर त्यातल्या किती फोटो टाकून हातोहात गेल्या असत्या? पेटीत पोथी निघाली की आधी विद्यापीठाच्या इतिहास विभागात नेऊन दाखवावी, मग पुढचं बोलावं, हे जो सांगतो तोच या कामाला लायक.

इथवर मी कमिशनवाल्यांच्या बाजूनं बोललो. आता ज्यांच्यामुळे त्यांचं नाव बद्दू होतं त्यांच्याशी बोलायचं आहे. ‘भांडवल शून्य, घरबसल्या महिना पन्नास हजार, फक्त लोकांचं सामान विका’ असं सांगणारे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. त्यात एक सल्ला हमखास असतो: मालकाला एक भाव सांगा, गिऱ्हाइकाला दुसरा सांगा, मधला तुमचा. हे कमिशन नव्हे. ही मालकाच्या खिशातून केलेली चोरी आहे, आणि मी हा शब्द तोलून वापरतो आहे.

मीशोसारख्या कंपनीनं 2015 नंतर हजारो बायकांना व्हॉट्सॲपवर कपडे विकायला दिले, तेव्हा त्या कंपनीच्या किमतीवर आपला नफा चढवायच्या. त्यात गैर नव्हतं. माल नवा, पुरवठादाराचा भाव ठरलेला, तो त्याला पूर्ण मिळत होता. जुन्या वस्तूचं तसं नसतं. तिची किंमत मालकाला माहीत नसते, म्हणून तर तो तुमच्याकडे येतो. त्यानं ज्या अज्ञानापोटी तुमच्यावर विश्वास टाकला, त्याच अज्ञानाचा फायदा उठवायचा, हा विश्वासघात आहे.

कायदाही हेच म्हणतो, आणि तो काही नवा नाही. 1872 चा भारतीय करार कायदा. दुसऱ्याच्या वतीनं विकणारा तो अभिकर्ता, मग त्याच्याकडे दुकान असो की नुसता मोबाइल. कलम 213 सांगतं, मालकानं मागितला की चोख हिशोब दिला पाहिजे. कलम 215 आणि 216 सांगतात, मालकाला अंधारात ठेवून त्याची वस्तू स्वतःच घेतली, किंवा व्यवहारात स्वतःचा छुपा फायदा केला, तर मालक तो व्यवहार मोडू शकतो, फायदा वसूल करू शकतो. म्हणजे तुमचा शिसवी पलंग आठ हजारांना गेला असं सांगून तो मेव्हण्याच्या नावावर घ्यायचा आणि महिन्यानं वीस हजारांना काढायचा, ही युक्ती दीडशे वर्षांपूर्वीच ओळखून ठेवली आहे. कलम 219 प्रमाणे, वेगळं ठरलेलं नसेल तर काम पुरं होईपर्यंत मेहनताना मागता येत नाही. म्हणून जाहिरात टाकायचे आगाऊ पाचशे मागणाऱ्याला नमस्कार करावा. कलम 220 प्रमाणे गैरवर्तन करणाऱ्याचा त्या कामाच्या मेहनतान्यावरचा हक्कच जातो. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना हा धंदा कायद्याबाहेरचा आहे असं कोणी म्हणू नये, आणि आपल्याला कायदा लागत नाही असं धंदेवाल्यांनीही समजू नये.

चोरीच्या मालाचं तर बोलायलाच नको. वस्तू ज्याची नाही त्याच्याकडून ती घेऊन विकली तर साधारणपणे गिऱ्हाइकाला मालकी मिळत नाही, आणि चोरीची आहे हे माहीत असून हात लावला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 317 आहे. मोबाइल घेताना बिल मागणं आणि ‘संचार साथी’वर आयएमईआय तपासणं याला पाच मिनिटं लागतात. तेवढी पाच मिनिटं ज्याला जड वाटतात, त्यानं हे काम करू नये.

दुचाकीबद्दल मात्र थांबून बोलतो, कारण कमिशनवर सर्रास विकली जाणारी वस्तू तीच, आणि त्यात माणसं आयुष्यभरासाठी अडकतात. एमएच-20 ची जुनी गाडी, मालकानं फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या करून दिल्या, चावी दिली, पैसे घेतले, विसरला. मध्यस्थानं गाडी दिली तिसऱ्याला, त्यानं चौथ्याला. नोंदणी मात्र मूळ मालकाच्याच नावावर. 2018 च्या फेब्रुवारीत नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गाडी कितीही हातांतून गेली तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीतला मालकच मालक धरला जाईल. चौथ्या माणसानं कोणाला उडवलं तर नोटीस सिडकोतल्या निवृत्त शिक्षिकेच्या घरी येते. सरकारनं 2022 च्या डिसेंबरात नियम बदलून जुन्या नोंदणीकृत गाड्यांच्या विक्रेत्यांना परवानगी घेणं, गाडी ताब्यात आल्याची नोंद कळवणं आणि ती ताब्यात असेपर्यंतची जबाबदारी उचलणं भाग पाडलं. हे मला योग्य वाटतं. त्या नियमानं मध्यस्थाला हाकललं नाही, त्याला बांधून घेतलं.

भाजीपाल्याच्या अडतीचं भांडणही आपण पाहिलं आहे. 2016 च्या जुलैत राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरवलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. भांडण कोणी भरायचं यावर होतं. अडत्या नकोच असं त्यातल्या शेतकऱ्यांपैकी फार थोडे म्हणत होते. इथल्या जाधववाडीच्या बाजार समितीत टोमॅटोचे चार क्रेट उतरवणाऱ्याला ठाऊक असतं की मधल्या माणसाशिवाय माल हलत नाही. त्याला हवी असते ती पट्टी. किती माल, काय भाव, हमाली किती, तोलाई किती, हातात किती. 2023 च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा विकणाऱ्या बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या हाती खर्च वजा जाता दोन रुपयांचा चेक पडला. साऱ्या महाराष्ट्राला तो अन्याय दिसला, कारण पट्टी होती. प्रत्येक वजावट कागदावर होती, म्हणून ती दाखवून जाब विचारता आला. पट्टी नसती तर ‘भाव पडला हो’ एवढ्यावर तो माणूस घरी गेला असता.

माझं म्हणणं एवढंच आहे. कमिशन वीस टक्के घ्या, पंचवीस घ्या, मालकाला परवडत असेल तर तीस घ्या. वर्षाची कमिशनची कमाई वीस लाखांच्या वर गेली तर जीएसटीची नोंदणी करा आणि तोही उघड लावा. पण प्रत्येक वस्तूची पट्टी द्या. ‘तीन हजारांच्या टेबलासाठी कोण कागद करत बसणार?’ असं मला एका तरुण विक्रेत्यानं विचारलं. चार क्रेट टोमॅटोसाठी अडत्या करतो, तर टेबलासाठी तुला जड का जावं? कागदाचीही गरज नाही, व्हॉट्सॲपवरचा निरोप पुरतो. इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायद्यानं मान्यता आहे. वस्तू हातात घेताना एक निरोप: वस्तू कोणती, तिच्यातले दोष कोणते, कमीत कमी किती किमतीला द्यायची, कमिशन किती टक्के, किती दिवसांची मुदत. विकल्यावर दुसरा निरोप: गिऱ्हाइकानं भरलेल्या रकमेचा स्क्रीनशॉट, वजावट, उरलेली रक्कम. इतकं करणाऱ्याला कोणी दलाल म्हणालं तर त्यानं मान वर करून ‘हो’ म्हणावं.

आणि मालकांनो, तुम्हीही हे मागा. घराची किल्ली देताना संकोच वाटत नाही आणि हिशोब मागताना वाटतो, असं करू नका. टेम्पोचे पैसे कोण देणार तेही आधीच लिहून घ्या. वस्तू मुदतीत विकली गेली नाही, तर ती परत आणून कोण पोचवणार आणि तोवर तिला ओरखडा पडला तर कोण भरून देणार, हे त्याच निरोपात असू द्या. या कामातली बहुतेक भांडणं मी तिथेच होताना पाहिली आहेत.